मोरीजवळची जुनी पट्टी

नव्यानं गाडी शिकणाऱ्यांसाठी मी पत्रकं लिहिते आणि विट्याच्या, सांगलीच्या एसटी स्टँडवर उभी राहून वाटते. मधली तुटक पट्टी: समोर मोकळं असेल तरच ओलांडा. मधली अखंड पट्टी: ओलांडायची नाही, घाई असली तरी नाही. कडेची पांढरी पट्टी: गाडीचा रस्ता इथवरच. लोक पत्रक घेतात, त्यात भेळ खातात. खाऊ देत. मी दुसरं देते.

हे सगळं मी आप्पांच्या तोंडून ऐकलं, ते ताईला शिकवत होते तेव्हा. आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेत ट्रक चालवायचे. निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावी आले आणि कबड्डीचं मैदान आखायची फक्की आणून त्यांनी शाळेच्या पटांगणात अख्खा रस्ता आखला. ताई जुन्या कारमध्ये, आप्पा बाहेर शिट्टी घेऊन. चाक फक्कीवर गेलं की शिट्टी.

"बाद झालीस गं!" कट्ट्यावरच्या बाया ओरडायच्या. "आवं भाऊजी, ही परेड कवा संपायची?"

आप्पा हसायचे नाहीत. "पट्टी म्हंजे हुकूम. धुकं असू दे, समोरनं उसाचा ट्रॅक्टर येऊ दे, डावी पट्टी धरून चालायचं. काय बी व्हत न्हाई."

ताईला विट्यात नोकरी लागली. साखर कारखाने सुरू झाले होते, रस्त्यावर उसाच्या गाड्या होत्या. एका सकाळी ती निघाली तेव्हा दाट धुकं होतं. ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडं समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. ताईनं आप्पांनी सांगितलं तेच केलं. वेग कमी केला, डावी पट्टी धरली.

ती पट्टी जुनी होती. रस्ता रुंद करताना ठेकेदारानं वळण उजवीकडं सरकवलं, पण जुनी पट्टी खरवडली नाही आणि नवी मारली नाही. जुनी पट्टी सरळ मोरीच्या कठड्यात घुसत होती. टायरच्या खुणा मी स्वतः पाहिल्या, पट्टीपासून बोटभरही हललेल्या नव्हत्या. दवाखान्यात पोचायच्या आधीच ताई गेली.

पोलिसांनी कागदावर लिहिलं, चालकाचे नियंत्रण सुटले. सुटलं नव्हतं! इतकं घट्ट नियंत्रण त्या रस्त्यावर कुणाचंच नसेल. दहाव्याला एकजण म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हतंय." मी तिथंच म्हटलं, "आधी मोरी बघून या, मग तोंड उघडा." आप्पा खाली मान घालून बसले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "बाई म्हणून न्हाई गं. म्या शिकीवलं म्हणून."

मग मी अर्ज केले. बांधकाम खात्याच्या ऑफिसातला साहेब म्हणाला, "मॅडम, ठेकेदाराची मुदत संपली." मी म्हटलं, "आमच्या ताईचीबी संपली." पुन्हा गेले, पुन्हा गेले. शेवटी जुनी पट्टी खरवडली आणि वळणावरून नवी मारली. मला वाटलं, आता तरी आप्पांना पटेल. सरकारनंच पुसली म्हणजे चूक पट्टीची होती, त्यांच्या शिकवण्याची नव्हती.

म्हणून परवा काकांची गाडी मागून आणली. म्हटलं, "आप्पा, आता मला शिकवा." लय मिनतवाऱ्या केल्यावर ते शेजारी बसले. पहिल्या गिअरमध्ये रांगत आम्ही मोरीपर्यंत आलो. ऊन होतं, रस्ता मोकळा होता, नवी पट्टी लख्ख दिसत होती.

"आप्पा, डावी पट्टी धरू?"

त्यांनी पट्टीवरची नजर काढून उसाकडं वळवली.

"आप्पा, सांगा की."

"मला इचारू नगंस." त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला. "थांबीव गाडी."

मी थांबवली. ते उतरले, दार अलगद लावलं आणि उसाच्या कडेनं घराकडं चालू लागले. मी हॉर्न वाजवला. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक पट्टीचा अर्थ मला माहीत होता, पण गाडी मागं वळवायला मला अजून कुणी शिकवलं नव्हतं.