दोन शेपटांची वीण

घरात तिला सगळे काळजीबाई म्हणत. हे नाव नवऱ्याने लग्नानंतर वर्षभरातच ठेवलं, आणि ते असं काही चिकटलं की सासरेसुद्धा कधीकधी 'सूनबाई' विसरून तेच म्हणून जात. शेगडी बंद केली का हे बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत यायची. पडदे शिवायचा तिचा धंदा. खिडकीचं माप दोनदा घेऊनही कापडाला कात्री लावण्याआधी ती गिऱ्हाइकाला फोन करायची. गिऱ्हाईक हसायचं, पण तिचा पडदा कधी आखूड पडला नाही.

मासे खरं तर सासऱ्यांचे. मागच्या बंद गॅलरीत फळ्यांवर काचेच्या बरण्या होत्या, एकेका बरणीत एकेक फायटर जातीचा मासा. मध्ये पुठ्ठे लावलेले, कारण दोन नरांची नजरानजर झाली की ते काचेवर धडका मारत. सासऱ्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि पाणी बदलायचं काम तिच्याकडे आलं. कामाबरोबर काळजीही आलीच.

सासऱ्यांचा कारभार सरळ होता. पिल्लं जरा मोठी झाली की वाकडंतिकडं, बुटकं, वेगळं दिसेल ते जाळीने उचलायचं आणि कोपऱ्यातल्या टाकीतल्या मोठ्या माशाला घालायचं. "मासा माशासारखा दिसला पाहिजे," एवढंच ते म्हणत.

एका विणीत दोन शेपटांचं पिल्लू निघालं. शेपूट मधोमध दुभंगलेलं, बाकी सगळं ठीक. सासऱ्यांनी जाळी मागितली.

"राहू द्या ना, बाबा. नीट खातंय की."

"आज खातंय. उद्या त्याला काही झालं तर तूच जिवाला घोर लावून घेशील."

तरी तिने ते वेगळ्या बरणीत काढलं आणि शिलाई मशीनशेजारी ठेवलं. ते वाढलं, गर्द निळं झालं, आणि वळलं की दोन्ही शेपटं अशी उलगडत की तिचा पाय मशीनवरच थांबायचा.

धाकट्या दिराचं मासे-टाक्यांचं दुकान होतं. त्याने हा मासा पाहिला आणि चहा गार होऊ दिला. "वहिनी, असा एकच काय कामाचा? याची वीण काढ."

तिने काढली. आधी त्याच विणीतल्या बहिणीशी जोडी लावली, तेव्हा थोड्या पिल्लांना दोन शेपटं आली. मग दिराच्या सांगण्यावरून दोन शेपटांच्या नराला दोन शेपटांचीच मादी दिली. नराने फेसाचं घरटं बांधलं, खाली पडणारी अंडी तोंडात धरून वर नेऊन ठेवली, आणि झाडून सगळी पिल्लं दोन शेपटांची निघाली. दीर खूश होता. तिला मात्र काहीतरी खटकत होतं. पिल्लं तोकडी होती. बाजूने पाहिलं तर बऱ्याच जणांच्या पाठीला पोक होतं.

"पाठ कोण बघतंय, वहिनी? लोक शेपूट बघतात," असं म्हणून दीर त्यांतली बरीच घेऊन गेला.

फायटरला श्वासासाठी पाण्यावर यावं लागतं. उरलेल्यांतला एक मासा तळाशी पडून राही, मग सगळं बळ एकवटून वर येई आणि हवा घेऊन परत दगडासारखा खाली जाई. तिने बरणीतलं पाणी निम्मं केलं. दुसऱ्या दिवशी चार बोटांवर आणलं. शिवता शिवता ती उठून बघून यायची. एका पडद्याच्या चुण्या उलट्या पडल्या तेव्हा नवरा म्हणाला, "मशीन गॅलरीतच नेऊन ठेवू का?" तिला हसू आलं नाही. दुकानातल्या टाक्या किती उंच होत्या, हे तिला आठवत होतं.

न राहवून ती दुकानात गेली. तिथे एक बाई रिकामी काचेची फुलदाणी घेऊन उभी होती. "मासा पाण्यात बुडून मेला हो," ती सांगत होती. "आईच्या उशाशी ठेवला होता. वर येता येता दमला. आई दिवसभर त्याच्याकडेच बघत होती." दिराने हळहळ दाखवली आणि बदली दुसरा मासा दिला. तोही पोकाचा.

बाई बाहेर पडली तशी काळजीबाई तिच्या मागे धावली. "अहो, याला फुलदाणीत नका ठेवू. पसरट भांडं घ्या. पाणी चारच बोटं."

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

बाई वळून निघून गेली, आणि काळजीबाई फुटपाथवर तशीच उभी राहिली. मग परत आत गेली.

"भाऊजी, मी आता ही वीण काढणार नाही."

"अगं, दोन शेपटं निसर्गानेच दिली ना? आपण थोडीच चिकटवली?"

"एकाला दिली होती. आणि त्याची पाठ सरळ होती."

घरी येऊन तिने सासऱ्यांना त्या निळ्या नरासाठी साधी, एका शेपटाची, सरळ पाठीची मादी निवडून द्यायला सांगितलं. त्यांनी पुठ्ठे सरकवत, चष्मा पुसत एक मळकट तांबडी निवडली. मग पोकाच्या माशांकडे बोट दाखवून म्हणाले, "जाळी आण. यांचे हाल का करतेस?"

"नाही, बाबा. यांना जगात मी आणलंय. असतील तोवर राहतील."

यावर दोघांचा दोन दिवस अबोला होता. बरोबर कोण, हे तिला तेव्हाही नक्की ठरवता आलं नाही. पोकाचे मासे उथळ पाण्यात एकेक करून गेले. प्रत्येक वेळी तिला वाटे, सासऱ्यांचं ऐकायला हवं होतं. आणि त्यातला एखादा दाणा पाहून वळला की वाटे, बरं झालं नाही ऐकलं.

तांबड्या मादीची पिल्लं सगळी एका शेपटाची निघाली. दिराने बरण्यांवरून नजर फिरवली आणि न बसताच गेला. सासरे मात्र खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसू लागले. ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या विणीत मोजकी दोन शेपटांची आली. तिने प्रत्येकाला खिडकीशी धरून बाजूने पाहिलं. पाठी सरळ होत्या. तरी दुसऱ्या दिवशी तिने परत पाहिलं.

बातमी लागताच दीर आला. "एक जोडी दे, वहिनी."

तिने नराची पिशवी भरून त्याच्या हातात दिली.

"आणि मादी?"

"मादी नाही देणार. दोन शेपटांची दोन्ही पुन्हा एकत्र नकोत."

तो हसला. "दुसरीकडे मिळेल की."

मिळणार होतीच. तो जिना उतरून गेल्यावर ती मशीनवर येऊन बसली. सुईत दोरा ओवायला तिला बराच वेळ लागला.