प्रोजेक्टमधली नदी

"मॅडम, पप्पा बोलले, नदी हटवायची नाही. हटवली तर फाइलवर साइन नाही करणार."

पल्लवी स्टाफरूमच्या दारात उभी होती. सोमवारी फाइल जमा करायची, आणि पालकांच्या सहीशिवाय आमच्या शाळेत फाइल घेत नाहीत. फाइल नाही तर वीस मार्कं गेली. या पोरीला कॉलेजात इतिहासच घ्यायचा होता, म्हणून मला जास्त घोर.

मी मध्य प्रदेशात देवासला बारावी ह्युमॅनिटीजला इतिहास शिकवते. प्रोजेक्टचा विषय मीच दिला होता, 'आपलं गाव'. अट सोपी. घरच्या मोठ्यांनी सांगितलेलं लिहायचं, त्याला मौखिक साधन म्हणतात. मग ते खरं आहे का हे तिथे जाऊन किंवा विचारून बघायचं, ती पडताळणी. प्रिन्सिपल साहेब दर वर्षी म्हणतात, "मॅडम, सबको बाग की गुफाएँ दे दो ना. फोटो भी अच्छे आते हैं." फोटो चांगलेच येतात, फक्त दर वर्षी तेच येतात. बाग गावच्या त्या गुंफांतली वटवाघळंसुद्धा आता मी ओळखते.

बाकीची मुलं जिल्ह्यातल्याच कन्नौदकडच्या आपापल्या गावी जाऊन आली. पल्लवीचं कुटुंब मराठी. पूर्वज मराठा दरबाराबरोबर इकडे आले, तंबू आणि कनाती शिवायचे. वडील आता शाळेचे युनिफॉर्म शिवतात. त्यांचं गाव म्हणजे नर्मदेपलीकडची, लांब देशावरची शेंदूरवाडी. कित्येक पिढ्यांत तिथे कुणी गेलेलं नाही, पण चैत्रातल्या कुळधर्माला गावच्या देवाचं वेगळं पान वाढतात, तेही दक्षिणेकडे तोंड करून, कारण गाव तिकडे. गुरुजी दर वर्षी हरकत घेतात आणि दर वर्षी तिथेच जेवतात. पानाशेजारी पाण्याचा तांब्या. तो घरातल्या मुलीने भरायचा आणि भरताना गावच्या नदीचं नाव घ्यायचं, सोनवती.

पल्लवीने हे सगळं सुरेख लिहिलं होतं. नकाशाही काढला होता. निळीशार नदी, घाट, काठाला देऊळ. मी म्हटलं, आता पडताळणी कर. तिने कुठून कुठून नंबर मिळवून तिथल्या ग्रामपंचायतीत फोन लावला. देऊळ निघालं. नदी निघाली नाही.

खरं सांगायचं तर पल्लवीच्या प्रोजेक्टची मी वाट बघत होते. आमचे पूर्वजही तसेच इकडे आलेले. पण आमच्या घरात गावाचं नाव कुणी सांगूनच ठेवलं नाही. वडील गेले, काका गेले, आता विचारायला कुणी उरलं नाही. कुणी 'गावी चाललो' म्हणालं की मला अजून हेवा वाटतो. म्हणून निदान हिचं गाव सापडावं, असं मनापासून वाटत होतं.

शनिवारी तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं. आले ते तावातावानेच.

"मॅडम, माझ्या वडिलांनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. सगळे काय खोटं बोलले?"

"खोटं कुणीच बोललं नाही. आपण दोन्ही लिहू. घरात काय सांगतात ते, आणि तिथे काय आहे ते."

"म्हणजे खोटंच छापायचं ना आमच्या नावावर!"

माझी इतिहासाची पद्धत तिथेच आडवी झाली. मी म्हटलं, तुम्हीच विचारा. पल्लवीने पुन्हा फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे पंचायतीतले, मागच्या वेळी बोललेलेच म्हातारे गृहस्थ होते.

"आपल्या गावी सोनवती नदी आहे ना?" पल्लवीच्या वडिलांनी फार अदबीने विचारलं.

"न्हाई ओ. पोरीला सांगितलं की. ओढा हाय, पाऊस झाला तर व्हातो."

"पूर्वी असेल?"

"आमच्या आज्यानं बी बघितली न्हाई."

"मग पाणी कुठून आणता?"

"उन्हाळ्यात टँकर येतो. त्याच्या आदी लई लांबनं आणायचे बाया. पाण्यापायीच किती घरं उठून गेली हितनं."

पल्लवीचे वडील मग फोनकडे बघत म्हणाले, "आमचंही त्यातलंच असेल." पलीकडून आवाज आला, "आसंल की. या एकदा." फोन बंद झाला.

त्यांनी पेन मागितलं आणि सही केली. उठताना मुलीला म्हणाले, "लिही सगळं. पण नकाशा राहू दे."

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक आले. पल्लवीच्या नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "बेटा, ये नदी है कहाँ? आगे तो लिखा है, नहीं है."

"सर, गाँव में नहीं है. हमारे घर में है, साल में एक दिन."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी अठरा मार्कं दिली. दोन कापली, विषय 'लोकल' नाही म्हणून.

चैत्रात त्यांनी मला कुळधर्माला जेवायला बोलावलं. पल्लवीने स्वयंपाकघरातल्या नळाखाली तांब्या धरला आणि वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नाव घे." तिने सोनवतीचं नाव घेतलं. गावच्या देवाचं पान दक्षिणेकडे मांडलं गेलं. गुरुजींनी हरकत घेतली.

वाढता वाढता तिच्या वडिलांनी विचारलं, "मॅडम, आपलं गाव कोणतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

ते आत गेले, आणखी एक पान आणलं आणि गावच्या देवाच्या पानाशेजारी मांडलं. "कोणत्या दिशेला करू?" म्हणाले. मला तेही सांगता येईना. मग त्यांनी ते आपल्या गावाच्या पानासारखंच दक्षिणेकडे केलं आणि वरणभात वाढला. जेवणं झाल्यावर दोन्ही पानं रीतीप्रमाणे गाईपुढे ठेवली. तिचं खाऊन होईपर्यंत मी अंगणात उभी होते.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला बजावून सांगतात, मुलांना प्रोजेक्ट देण्याआधी तो स्वतः करून बघा. मी बघितला नव्हता. आता करायला घेतलाय, पहिलं पान अजून कोरंच आहे.