खिशातला प्लग

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की आधी चहा मागवणारा आणि मग सांगणाऱ्याची खेचणारा माणूस मी. बालाघाटच्या आमच्या घरात वडील सरकारी नोकरीत. जे रजिस्टरमध्ये नाही ते जगात नाही, असं बाळकडूच मिळालेलं. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण आता रिटायर झालोय, आणि एक कबुली द्यायची राहिली आहे.

साल अठ्ठ्याण्णव. बिरसा गावाच्या पुढे जंगलातल्या एका लाकूड डेपोत मी स्टोअरकीपर होतो. माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या, एक पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये ओंडके कापायच्या दोन जुन्या चेन सॉ. एक तर मेलेलीच होती. दुसरी धनलाल चालवायचा — डेपोचा जुना ऑपरेटर, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मशीन सकाळी रुसायची, पण त्याच्या हातानं रस्सीच्या तिसऱ्या ओढीला हमखास सुरू व्हायची. वरून हुकूम आला: दुरुस्त करायची की बदलायची, ते ठरवा. नवी मशीन ठेकेदाराच्या माणसासकट येणार होती. म्हणजे धनलाल घरी.

"बाबूजी, नुसती पिस्टनची रिंग गेली हाय," तो म्हणाला. "तेवढी बदलून द्या, अजून पाच वर्सं काम देते ते."

"हौ, पाहतो ना," मी म्हणालो. खरं तर माझं ठरलं होतं. स्पेअरसाठी दर महिन्याला गोंदियाच्या खेपा मारून मला वीट आला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चाचणी होती. सुरू झाली तर दुरुस्ती, नाही झाली तर भंगार.

खंडेनवमीला डेपो बंद. त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून मांडतात, हळदकुंकू लावतात, आणि दसरा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. धनलालनं सकाळी पूजा केली, मशीनवर झेंडूचं फूल ठेवलं आणि रस्त्यापलीकडच्या वस्तीत घरी गेला. चौकीदारही गेला. भर दुपारी मी शेडमध्ये शिरलो, पाना लावून मशीनचा स्पार्क प्लग काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. त्याच्या जागी जळका प्लग बसवायचा होता, म्हणजे चाचणीत मशीन ढिम्म हलली नसती. पण घाईत जळका प्लग खोलीवरच विसरलो होतो. तो आणायला निघालो. निघताना कव्हर लावलं, फूलही होतं तसं ठेवलं. एवढा मी हुशार!

फाटकाकडे लवकर जावं म्हणून दोन थप्प्यांमधून आडवा शिरलो. ओंडक्यांखालची पाचर सुटली असावी. काहीतरी गडगडलं, मी तोंडावर आपटलो आणि डावा पाय गुडघ्याच्या वर ओंडक्याखाली दाबला गेला.

ओरडलो. घसा बसेपर्यंत ओरडलो. हललो की वरचे ओंडके कुरकुरायचे, म्हणून हलायचीही भीती. पाय आधी ठणकला, मग बधिर झाला... आणि बधिर झाल्यावर मी खरा घाबरलो. छातीखाली तो प्लग टोचत होता. हात अंगाखाली अडकलेला, त्यामुळे काढून फेकताही येईना. उद्या दसरा, म्हणजे दोन दिवस इथे कुणी फिरकणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. मुलीचं नाव घेऊन रडलो, तेही सांगून टाकतो.

ऊन कलायला लागलं तेव्हा शेडमधून रस्सी ओढल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झाली.

"धनलाल! इकडे ये रे!"

आवाज जवळ आला, अगदी पाठीशी. ओंडक्यात पातं शिरलं, त्याची थरथर माझ्या हाडापर्यंत पोचली. मान वळेल तेवढी वळवली. ओंडक्याखालच्या फटीतून पलीकडची जमीन दिसत होती. तिच्यावर भुसा पडत होता. पण तिथे कुणाचे पाय नव्हते.

ओंडका दुभंगला, पायावरचं वजन उतरलं. मशीन थांबली नाही... पँटचं कापड पात्यात ओढलं जायला लागलं. मी डोळे मिटले. आणि एकदम सगळं शांत झालं.

धनलाल धावत आला तो फाटकातून, शेडमधून नाही. "माह्या मशीनचा आवाज आला घरी," तो धापा टाकत म्हणाला. "नवमीच्या दिवशी लावली कोनं?"

त्याच्या खांद्याचा आधार घेऊन शेडमध्ये गेलो. मशीन पूजेच्या जागी, फूल तिच्यावर तसंच. चेनच्या दातांत मात्र ओला भुसा भरलेला. धनलालनं कव्हर उघडलं, प्लगचं रिकामं भोक पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"प्लग द्या, बाबूजी."

मी दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहवालात 'दुरुस्तीयोग्य' लिहिलं. रिंग बदलली आणि धनलाल शेवटपर्यंत त्याच मशीनवर राहिला. मी हे कुणालाच सांगू शकलो नाही. ओंडका कसा कापला गेला ते सांगायचं, तर प्लग कुठे होता तेही सांगावं लागलं असतं. पाय सुटला, पण त्या दुपारीतून मी काही सुटलो नाही. दुसरी चालू मशीन आसपास कुणाकडेच नव्हती, हे मी गुपचूप विचारून घेतलं. प्लगशिवाय मशीन चालत नाही, हे आजही छातीठोकपणे सांगेन. मग काय झालं, ते मला माहीत नाही.

पुढे कधीतरी धीर करून धनलालला विचारलं, "ते मले सोडवाले आली होती ना रे?"

त्यानं बिडी विझवली.

"मी फाटकातून वरडलो होतो, बाबूजी, 'राहू दे त्याले' म्हनून," तो म्हणाला. "तवा थांबली ते."