ताईची वाडी

सरावलीला आमची चिकूची वाडी आहे आणि मी तिथे जन्मजात तज्ज्ञ असल्यासारखा वावरतो. तरी फोनमधली शेती मला शिकवली ती ताईने. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तलासरीला दिलेली. गुडघे गेल्यापासून तिचं जग म्हणजे एक खिडकी आणि लेकीचा जुना फोन. इंटरनेट स्वस्त झालं त्या वर्षी तिला त्या फोनवर एक खेळ सापडला. जमीन नांगरायची, झाडं लावायची, रोज पाणी द्यायचं, जमलं तर शेजाऱ्याच्या झाडांनाही द्यायचं. मला तिने बळेच शेजारी करून घेतलं.

"भाऊ, तुझा कोबी करपलाय," असा सकाळी सातला फोन यायचा. खऱ्या वाडीतला पंप बंद पडला तर मला दुपारपर्यंत पत्ता नसे.

तलासरीत तिचा फोन मधूनच गुजरातचा टॉवर पकडायचा. ऐन काढणीच्या वेळी पडद्यावर चाक फिरत बसायचं आणि काढलेलं पीक गायब व्हायचं. ताई कंपनीला अर्ध्या गुजरातीत शिव्या घालायची आणि पुन्हा पेरायची. अशी दोन वर्षं खपून तिने वाडी उभी केली. चिकू त्या खेळात नव्हते, म्हणून आंबे लावले. पण विहिरीच्या कडेने, आमच्या विहिरीला आहेत तशाच रांगेत.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवस वापीला राहायचं होतं. आमच्याकडे कोणी गावाला निघालं की वाडीची चावी शेजाऱ्याच्या हातात ठेवतो, पाण्याचं बघ म्हणतो आणि निघतो. ताईनेही तेच केलं. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला: सरावली, पुढे बावीस.

"बावीस का गं?"

"विहिरीकडची झाडं किती?"

मी चिठ्ठी खिशात टाकली. वडील गेल्यावर त्या बावीस झाडांवरचा तिचा हक्क तिने माझ्या नावे सोडला होता. डहाणूच्या कचेरीत तिने सही केली आणि बाहेर आल्यावर मी तिला लिंबूसोडा पाजला. मोठ्या मनाचा माणूस मी.

नऊ दिवस मी आधी तिच्या आंब्यांना पाणी दिलं, मग माझ्या कोबीला. दोन्ही माझ्याच फोनवरून. दहाव्या दिवशी दोन्ही वाड्या उघडेनात. पडद्यावर निरोप होता: नियमभंगामुळे खाती कायमची बंद. एकच माणूस दोन नावांनी खेळतो आणि स्वतःच स्वतःचा शेजारी होतो, असा आरोप.

बायको म्हणाली, "अहो, जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या झाडाला पाणी घातलंत, आणि पकडले गेलात."

कंपनीचा फोन नंबर कुठेच नव्हता, मेल करा म्हणे. डिक्शनरी घेऊन इंग्रजीत पत्र लिहिलं. गुडघा, बहीण, शेजारधर्म, सगळं घातलं. मिनिटाभरात उत्तर आलं: तुमची निराशा आम्ही समजू शकतो. काय तत्पर माणसं! मी उलट टपाली आभार मानले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाच्या बाईंनी तीच निराशा समजून घेतली, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या गृहस्थांनी. मी ऑपरेशनच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं, पासवर्ड दुसऱ्याला दिल्याचं आपणच कबूल केलं आहे, निर्णय अंतिम आहे. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? मी पाच दिले. कचेरीत गोड बोलून कामं काढायची सवय, दुसरं काय.

इकडे ताई भाचीच्या फोनवरून रोज विचारायची, "पाणी घातलंस?"

"घातलं," मी म्हणायचो.

ती घरी आली तेव्हा पिशवीभर चिकू घेऊन मी तलासरीची बस पकडली. ताई पाय लांब करून बसली होती. फोन हातातच होता.

"उघडत नाही रे. नेट गेलंय वाटतं."

"नेट नाही, ताई. वाडी गेली."

"वाळली?"

"वाळली नाही. कंपनीने बंद केली. आपली चावी दुसऱ्याला द्यायची नसते म्हणे."

"मग सांगायचं ना, बहीण आहे म्हणून!"

"सांगितलं. त्यांच्यात बहीण धरत नाहीत."

ताई हसायला लागली. टाके ओढले असावेत, लगेच थांबली. "मग आपल्यातलेच की रे ते," म्हणाली.

मी घाईघाईने म्हटलं, "नवी काढून देतो, पहिल्यापासून. दोन दिवसांत आंबे लावतो बघ."

"नको. शेजारी परत तूच असणार."

तिने फोन उशीखाली सारला आणि पिशवीतला एक चिकू काढून अंगठ्याने दाबून पाहिला.

"विहिरीकडचे?"

"हो."

"कच्चे आहेत अजून," म्हणून तिने तो परत पिशवीत ठेवला.

मी उठलो. हायवेवरच्या टपरीवर गेलो आणि तिच्यासाठी लिंबूसोडा घेऊन आलो. दुसरं काही मला तेव्हाही सुचलं नव्हतं.