अण्णांचा बूट कोणी काढला?

आमच्या गल्लीत कोणाची दृष्ट काढायची असली की बायका मला मुद्दाम बोलावत नाहीत... मी हसते म्हणून! जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा हसणं हा जणू नोकरीचाच भाग झालाय. तरीही आज हे लिहितेय. वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

आम्ही जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे. माझे सासरे, म्हणजे अण्णा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. नवरा पुण्याला कंपनीत, त्यामुळे घरात अण्णा आणि मी. अण्णांना जुनी शुगर. दर महिन्याला जालन्याला, माजी सैनिकांच्या दवाखान्यात जावं लागतं.

आता दवाखान्यात माणूस आजारी म्हणून जातो ना? आमचे अण्णा परेडला निघाल्यासारखे जातात! गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, भर उन्हाळ्यात जाड मोजे आणि चकाचक काळे बूट. डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की छाती पुढे काढून उत्तर, "एकदम ठीक, साहेब!" डॉक्टर बिचारे खूश, त्याच गोळ्या पुढे चालू. बाहेर आल्यावर माझा पारा चढायचा.

"अण्णा, रात्रभर पोटऱ्या दुखतात म्हणून कण्हत होतात, ते का नाही सांगितलं?"

"फौजी माणसानं साहेबापुढं रडगाणं लावावं का? लोकं हसतील."

पाय तर ते मला बघूच देत नसत. सुनेनं पायाला हात लावायचा तो नमस्कारापुरता, असं त्यांचं म्हणणं. कंबरेच्या ऑपरेशनपासून त्यांना वाकता येत नाही, तरी मोजे ते दार लावून, खाटेवर आडवे पडून, काठीच्या टोकानं कसेबसे चढवायचे. बुटाची लेस तेवढी मी बांधायचे.

मे महिन्यातली दुपार. दवाखान्यात अण्णांना बाकावर बसवून मी औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिले. परत आले तर अण्णा भिंतीला टेकून गाढ झोपलेले... आणि डावा पाय उघडा! बूट बाकाखाली नीट ठेवलेला. सकाळी मी मारलेली दुहेरी गाठ सुटलेली. पाय आमच्याच पिशवीवर उंच टेकवलेला, आणि मोजा कुठेच नाही.

शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांना विचारलं, "आजी, यांचा बूट कोणी काढला?"

"तुमचाच माणूस व्हता ना माय? आत्ता त खाली बसला व्हता. पाय मांडीवर घेऊन चोळून राह्यला व्हता. मी म्हणलं, पोरगा असंल. पर एवढ्या उन्हात लोकरीची टोपी कामून घातली त्यानं?"

त्या टोपीवाल्याला शोधायचं मला सुचलंच नाही, कारण तेवढ्यात अण्णांचा तळवा दिसला. अंगठ्याखाली काळी पडलेली जखम, आत मोडलेला बाभळीचा काटा, आणि वास... मी किंचाळलेच. सिस्टर धावत आल्या, डॉक्टर समोरचा पेशंट सोडून आले. त्यांनी जखमेभोवती दाबलं.

"दुखतं?"

"न्हाई साहेब."

या वेळी अण्णा खरं बोलत होते. शुगरनं तळव्याची जाणीवच गेली होती. "आज नुसत्या गोळ्या घेऊन घरी गेले असते, तर पाय कापायची वेळ आली असती," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. लगेच ॲम्ब्युलन्सनं संभाजीनगरच्या मोठ्या हॉस्पिटलात. अंगठा गेला, पण पाय वाचला.

मोजा तिथं सापडला. ऑपरेशनआधी कपडे बदलताना सिस्टरनं शर्टाची सगळी बटणं सोडली, तर बनियनच्या आत, पोटाशी, घडी करून ठेवलेला! पू लागून ओला झालेला तो मोजा अण्णांनी हातात घेतला आणि हुंदके देऊन रडायला लागले. त्यांना रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी सांगितलं. बर्फातल्या चौकीवर दोघादोघांची जोडी असते, जोडीदाराला 'बडी' म्हणतात. गारठलेला पाय आपला आपल्याला कळत नाही, म्हणून संध्याकाळी एकानं दुसऱ्याचा बूट काढायचा, बोटं चोळायची, रंग पाहायचा. ओला मोजा पोटाशी धरून वाळवायचा. अण्णांचा बडी होता केदारखेड्याचा दगडू.

"माझ्या पायाला लई जपायचा," अण्णा म्हणाले. "त्या दिशी मी बी त्याचे पाय पाह्यले. बोटं बराबर व्हती. पर छातीत पाणी भरलं व्हतं त्याच्या. दम लागतो म्हणून बोललाच न्हाई. ठीक हाय, ठीक हाय म्हणत गेला, सूनबाई."

मी नंतर दवाखान्यात चौकशी केली. लोकरी टोपीतला माणूस ना गेटवरच्या गार्डनं पाहिला, ना सिस्टरनं. समजा, एखाद्या भल्या माणसानं बूट काढलाही असेल. पण मोजा पोटाशी ठेवायचं त्याला कोणी सांगितलं? झोपेत अण्णांनीच केलं म्हणावं, तर त्यांचा हात गुडघ्याखाली पोचत नाही. विज्ञानाच्या बाईनं सगळ्या शक्यता तपासल्या... उत्तर नाही. दगडूकाकांचे आभार मात्र मी मनापासून मानते, आणि त्याची मला आता लाजही वाटत नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी रोज पाय तपासायला बजावलं होतं. अण्णांनी आधी बरेच आढेवेढे घेतले. मग कबूल झाले, पण एका अटीवर.

"जोडीचा नियम दोघांनाबी लागू असतो. आधी तुझे पाय दाव."

सासऱ्यापुढं पाय पसरायचे! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अण्णा ऐकतात कुठले... त्यांनी चष्मा लावला, टॉर्च पेटवला आणि माझ्या टाचा निरखून पाहिल्या.

"एवढ्या भेगा? रगत निघून राह्यलंय, पोरी. कोणाला सांगितलं का न्हाई?"

मी म्हटलं, "कोणी विचारलंच नाही, अण्णा."