बटाट्याच्या भाजीत डाळ

माझी बायको कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेला गेली आणि पुढच्याच आठवड्यात वडील स्टुलावरून पडले. मच्छरदाणीची दोरी बांधायला चढले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. बिबवेवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच उरलो. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी हडपसरच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जायचो. मी घरी नसताना शेजारच्या काकू वडिलांजवळ बसायच्या आणि पोळ्या करायला एक बाई यायच्या. भाजी मात्र माझ्याकडे आली. मला फक्त चहा आणि ऑम्लेट येत होतं. त्यातलं ऑम्लेट वडील खात नसत.

ऑपरेशननंतर त्यांची भूकच गेली होती. एकच गोष्ट ते मागायचे, उकडलेल्या बटाट्याची पिवळी भाजी. त्यांना व्यायाम शिकवायला एक तरुण डॉक्टरीणबाई घरी यायच्या. त्यांनी वडिलांची मांडी दाबून पाहिली आणि मला म्हणाल्या, "स्नायू फार उतरलेत. प्रोटीन पोटात गेल्याशिवाय नुसत्या व्यायामाचा उपयोग नाही."

"बटाट्यात असतं ना?" वडिलांनी विचारलं.

"अगदी थोडं असतं, आजोबा."

"मग आणखी घालता येतं का बघा. बटाटा नाही म्हणणार नाही."

ते पोस्टातून निवृत्त झालेले. खिडकीपलीकडच्या माणसाशी जेवढं बोलायचं तेवढंच घरीही बोलत. पण बाईंना त्यांचं हे बोलणं पटलं. त्या हसून म्हणाल्या, "घालून बघा की."

मी ते मनावर घेतलं. आधी औषधाच्या दुकानातून प्रोटीनची पावडर आणली आणि भाजीत कालवली. वडिलांनी एक घास खाल्ला. "भिंतीला लावायची राहिली असेल तर लाव," म्हणाले आणि ताट सरकवलं.

मग सोयाबीनच्या वड्या आणल्या. त्या भिजवून, पिळून, बटाट्याएवढे तुकडे करून हळदीत लपवल्या. त्यांनी एकेक वडी वेचून ताटाच्या कडेला ओळीत लावली. जेवण झाल्यावर म्हणाले, "हे चावायचं तर वेगळी कवळी करून घ्यायला हवी." पनीर त्यांनी खाल्लं, पण परक्याच्या घरी खावं तसं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "आजही पंजाबातच जेवायचं का?"

रविवारी बायकोचा फोन आला. मी सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "त्यांच्यापासून लपवतोस कशाला? त्यांना जे आवडतं त्यातलंच काहीतरी घाल ना. गणपतीत वाटली डाळ किती आवडीने खातात."

हे मला सुचलं नव्हतं. त्या दुपारी मी हरभऱ्याची डाळ भिजत टाकली आणि संध्याकाळी मिक्सरमध्ये घातली. मिक्सर फिरेना म्हणून पाणी ओतलं. मग इतका फिरवला की गंधासारखी गुळगुळीत डाळ झाली. ती फोडणीत ओतली, तर तिचा गोळा झाला आणि कढईच्या बुडाला बसला. मी कालथ्याने खरवडत होतो. करपल्याचा वास सगळ्या घरात पसरला.

मागून टक्, टक् असा आवाज आला. वळून पाहिलं तर वडील वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तोपर्यंत ते पलंगापासून बाथरूमपर्यंत, तेही माझा हात धरूनच जायचे. मी धावलो.

"मला नको धरू. आधी गॅस बंद कर," ते म्हणाले.

मी गॅस बंद केला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. कपाळावर घाम आला होता, पण नजर कढईवर होती.

"पाणी घातलंस?"

"हो."

"डाळ उपसून निथळायची. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. भरड राहिली पाहिजे. आणि सगळी हरभऱ्याची नको, मला बाधते. अर्धी मुगाची घे."

"तुम्हाला हे कुठून माहीत, बाबा?"

"तुझी आई स्वयंपाक करायची तेव्हा मी इथे बसून तिला पेपर वाचून दाखवायचो. मधेच ती शेजारच्या काकूंना काही सांगायची. मी डोळे पेपरात ठेवून ऐकायचो."

आईच्या स्वयंपाकाबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. मी पाठ फिरवून कढई घासायला घेतली.

त्या रात्री आम्ही दहीपोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर पुन्हा मांडामांड केली. वडील आधीच खुर्चीत येऊन बसले होते. मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता, मग भरड डाळ. मी हलवत होतो, ते सांगत होते. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं. थोड्या वेळाने डाळ मोकळी झाली, तेव्हा उकडलेले बटाटे, मीठ, चिमूटभर साखर घातली. वरून लिंबू आणि कोथिंबीर. शेजारी घट्ट दही वाढलं.

त्यांनी पहिला घास सावकाश खाल्ला. मग दुसरा. मी बघत उभा होतो.

"तू जेवणार नाहीस का?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने ताट पुढे केलं. "अजून वाढ."

मग रोज संध्याकाळी ते स्वतःच स्वयंपाकघरात यायला लागले. मिक्सर थांबवायचा कधी ते आवाजावरून सांगायचे. डॉक्टरीणबाईंनी महिन्याभराने पुन्हा मांडी दाबली आणि मान डोलावली. आम्ही त्यांना भाजी खायला घातली. त्यांनी दुसऱ्यांदा घेतली आणि कृती विचारली. वडिलांनी ती तारेच्या मजकुरासारखी सांगितली, एकही शब्द जास्त नाही.

बायको परत आली, तेव्हा ते काठी घेऊन खालच्या वाण्यापर्यंत जात होते. ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेट लॅगमुळे दुपारी झोपली होती. वडिलांनी मला भाजीला हात लावू दिला नाही. कट्ट्याला टेकून, काठी बाजूला ठेवून त्यांनी सगळं स्वतः केलं. ती उठून आली तेव्हा ते वरून कोथिंबीर घालत होते. जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, कसली छान झालीय. कोणी शिकवलं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "याला शिकवता शिकवता मलाच आली," म्हणाले आणि तिच्या पानात आणखी एक डाव वाढला.