रिकाम्या हाताने जायचं नाही

माझ्या सासऱ्यांइतका रीतीभातीला पक्का माणूस दक्षिण गोलार्धात दुसरा नसावा. दार उघडं दिसलं की ते घर, आत माणूस दिसला की तो यजमान, आणि यजमानाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. वेरिबी या परदेशातल्या आमच्या उपनगरात गल्लीतलं एक घर विकायला निघालं. शनिवारी ते बघायला खुलं होतं, तर बाबा दारात बूट काढून, बेसनाचे लाडू घेऊन आत गेले आणि एजंटलाच म्हणाले, "उभे का? बसा. घरी कोण कोण असतं?" त्या बिचाऱ्याने घटस्फोटापर्यंत सगळं सांगितलं.

सासूबाई गेल्यापासून बाबा साताऱ्यात एकटे; आमच्याकडे थोडे दिवस आले होते. माझी बायको प्राची त्यांना रोज म्हणे, "बाबा, आता इथेच राहा ना." ते म्हणत, "बघू." परतीचं तिकीट मात्र त्यांनी हलवू दिलं नाही.

जायच्या आधीच्या रविवारी आम्ही त्यांना पहिल्या गोऱ्या वसाहतीचं, देखाव्यासाठी उभारलेलं गाव दाखवायला नेलं. तिथे जुन्या वेशातली माणसं त्या काळातलीच असल्यासारखी वागतात, हे मी गाडीत नीट समजावलं होतं. बाबांनी मान डोलावली, आणि पहिल्याच लाकडी झोपडीत शिरून चुलीपाशी बसलेल्या टोपीवाल्या बाईच्या हातात लाडवांचा डबा ठेवला.

"जागा मूळ कोणाची?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. हे ते प्रत्येक घरात विचारतात. बाईने डबा उघडून एक लाडू घेतला. "आमची नव्हती," ती म्हणाली. मग घरच्यांची चौकशी सुरू झाली, तशी ती पाठ केलेलं बोलू लागली: जहाजाने आले, वडील मागे राहिले, एकटेच असतात, पुन्हा भेट होईल असं वाटत नाही.

बाबांचं इंग्रजी उत्तम आहे. बँकेत त्यांनी आयुष्यभर साहेबांच्या चुका काढल्या. पण आता ते प्राचीकडे वळून मराठीत म्हणाले, "तिला सांग, म्हातारा एकटा व्यवस्थित राहतो म्हणावं. त्याचं घर तिथे, तिचं इथे. तिने मनाला लावून घेऊ नये."

"ही सेज," प्राचीने इंग्रजीत सुरुवात केली, आणि पुढे तिला बोलवेना. बाईने हातातला लाडू खाली ठेवला, "नो वरीज, लव्ह," म्हणत प्राचीचा हात धरला. हे त्या काळातलं बोलणं नसावं, पण बाबांनीही चूक काढली नाही. ते चुलीकडे बघत राहिले.

ठरल्या दिवशी बाबा परतले. साताऱ्यात ते खरंच एकटे व्यवस्थित राहतात. आम्हालाच इथे अजून जमत नाही.